काडी जिवंत आहे का?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मालवण-देवगडकडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर गेलं, की गेल्या पावसात नवी बाग लावलेली माणसं ओळींमधून वाकत वाकत चालताना दिसतात. एका हातात पाण्याची कळशी असते, दुसऱ्या हाताचा अंगठा कलमाच्या काडीवर. नखाने साल जराशी खरवडायची, खाली डोकावायचं, पुढच्या आळ्याकडे जायचं. अंगठ्याच्या नखात हिरवट-तपकिरी रेघ बसलेली असते. पान एकही नसलेली, वीतभर उंचीची ती काडी जिवंत आहे की नाही, एवढं एकच त्या माणसाला जाणून घ्यायचं असतं. हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. त्याला ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामध्येही उत्तरं आहेत, आणि ती चुकली तर झाडाची चार-पाच वर्षं जातात.

थंड मुलुखात हाच प्रश्न एप्रिलमध्ये पडतो. अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडमध्ये राहणारी मराठी कुटुंबं दारात हौसेने हायड्रेंजिया लावतात. आपल्याकडे हे झाड थंड हवेच्या ठिकाणी बंगल्यांच्या बागांत भेटतं. निळ्या-गुलाबी फुलांचे ताटाएवढे गुच्छ येतात. पहिला हिवाळा सरला की तिथे उरतात करड्या, ठिसूळ दिसणाऱ्या काड्या. त्या मेल्या समजून कापाव्यात, की वाट पाहावी? मोठ्या पानांच्या जातीत फुलांचे कोंब आदल्या वर्षीच जुन्या काडीवर तयार होऊन बसलेले असतात. कडक हिवाळ्यात काडी मरते, मुळं मात्र जगतात. मग उन्हं तापल्यावर बुडातून नवे फुटवे येतात, झाड हिरवंगार होतं, पण त्या वर्षी फूल येत नाही. म्हणजे झाड जगलं, फुलांचा हंगाम मेला. आपल्या कलमांच्या बाबतीतही असाच एक अर्धामुर्धा निकाल येतो, त्याकडे पुढे येतो.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर हिमकण पडत नाहीत. डिसेंबर-जानेवारीतली पहाटेची थंडी आंब्याला मोहर आणते, कुठल्या रोपाला मारत नाही. पण झाडाच्या बाजूने पाहिलं तर कोकणालाही हिवाळा आहे, आणि तो फेब्रुवारी ते मे या महिन्यांत येतो. थंड देशात जमिनीतलं पाणी गोठतं, म्हणून मुळांना मिळत नाही. आमच्याकडे ते जांभ्याच्या छिद्रांतून केव्हाच निघून गेलेलं असतं, म्हणून मिळत नाही. तहान दोन्हीकडे सारखीच. इथे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कातळावर बोटभर मातीत उभं राहायचं. जून-जुलैत लावलेलं कलम ऑक्टोबरच्या उकाड्यात पहिल्यांदा हबकतं आणि मार्चपासून त्याची खरी परीक्षा सुरू होते.

हा प्रश्न घराघरांत पोचण्याला एक कारण सरकारी आहे. 1990-91 पासून महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली आणि कोकणातल्या वरकस जमिनीवर, जिथे पूर्वी नाचणी-वरी व्हायची किंवा नुसतं गवत वाढायचं, तिथे आंबा-काजूची कलमं उभी राहिली. वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र 1957 पासूनचं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली त्याने काजूच्या वेंगुर्ला-1 पासूनच्या जाती दिल्या, त्यातल्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 आज जिल्हाभर दिसतात. 2018 मध्ये आलेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं विभागून मिळतं, आणि पुढचे हप्ते झाडं किती जगली यावर अवलंबून असतात. म्हणजे काडी जिवंत आहे का, याचं उत्तर आता कागदावर आकड्यात द्यावं लागतं. शेतकऱ्याला वाटतं जगलं, मोजणाऱ्याला वाटतं मेलं, आणि दोघंही एकाच काडीकडे बघत असतात. म्हणून ओळखायचं कसं हे नीट समजून घेतलेलं बरं.

सुरुवात पानांपासून करावी, कारण तीच सर्वांत जास्त फसवतात. पानं गळाली म्हणजे झाड मेलं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पान गाळणं हे जिवंत झाडाचं काम आहे. देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो, तो पानाला अलगद सोडवतो आणि मागे स्वच्छ व्रण उरतो. हे सगळं करायला झाडात जीव लागतो. फांदी एकाएकी मेली तर तो थर बनायला वेळच मिळत नाही. पानं तपकिरी होतात, कुरकुरीत वाळतात आणि तशीच काडीला लटकत राहतात. म्हणून ओळीतून चालताना वाळकी पानं धरून उभं असलेलं कलम दिसलं तर काळजी करावी, आणि पार उघडं-बोडकं कलम दिसलं तर थोडी आशा ठेवावी. पाहणाऱ्याची पहिली समजूत नेमकी उलटी असते.

कलमं बांधणारे लोक या गोष्टीचा उपयोग फार पूर्वीपासून करतात. डोळा भरलेल्या रोपावर पानाचा देठ थोडा ठेवलेला असतो. दोन-तीन आठवड्यांनी त्या देठाला बोट लावायचं. टचकन गळून पडला तर डोळा धरला. सुकून चिकटून बसला असेल तर डोळा गेला. गुलाबाचे डोळे भरणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. आंब्याची कलमकाडी काढण्याआधी आठवडा-दहा दिवस झाडावरच तिची पानं देठ राखून कापून ठेवतात, तिथेही हाच हिशेब: देठ आपोआप गळले आणि टोकाचा डोळा फुगला, की काडी तयार.

पानांनंतर साल. नखाची खूण सर्वांना माहीत आहे, पण ती करण्याची रीत चुकते. बहुतेक जण मधेच कुठेतरी खरवडतात, तपकिरी दिसलं की मान हलवतात. काडी सहसा शेंड्याकडून खाली मरत येते. म्हणून शेंड्यापासून सुरुवात करावी, बोटभर अंतराने खाली यावं. शेंडा कोरडा, मधे कोरडा, जोडाच्या दोन बोटं वर हिरवं आणि ओलसर, असं निघालं तर ते कलम जिवंत आहे. जिथून हिरवं सुरू होतं त्याच्या जरा वर, धारदार कात्रीने तिरका काप घ्यावा, म्हणजे मर पुढे सरकत नाही. खरवडायचं तेही तांदळाच्या दाण्याएवढं. काडीभोवती गोल खरवडत गेलात तर तपासणीनेच ती मारलीत म्हणून समजा, कारण साल आणि लाकूड यांच्यामधला जो पातळ थर आपण बघतो, त्याच कॅम्बियमवर तिचं जगणं अवलंबून असतं.

आणि एकट्या रंगावर विसंबू नये. नुकती मेलेली कोवळी काडी काही दिवस सालीखाली हिरवी दिसतेच. हिरवेपणा लगेच उडून जात नाही. खरी खूण ओलाव्याची. बोट लावलं तर गार, किंचित चिकट लागलं पाहिजे. आंब्याला चीक असतो, काजूलाही डिंकाचा अंश असतो. हिरवट पण कोरडं, चामड्यासारखं लागलं तर तो रंग गेलेल्या जिवाचा आहे. काडी हलकेच वाकवून पाहतात, त्यातही असंच: जिवंत काडी लवते, मेलेली कट्‌कन मोडते. पण ही परीक्षा सरसकट करू नये. वीतभर कलमाची जिवंत काडीसुद्धा जोडाशी मोडू शकते, आणि मग प्रश्नच संपतो.

नख कुठे चालत नाही हेही सांगितलं पाहिजे. माड आणि पोफळ यांना सालीखाली असा वाढीचा थरच नसतो. गवताच्या कुळाच्या जवळची ही झाडं. त्यांचा सगळा जीव शेंड्यातल्या एका कोंबात. नारळाच्या रोपाचं खोड खरवडून काही कळायचं नाही. तिथे मधली न उघडलेली सुई पाहायची. ती ताठ आणि फिकट हिरवी असेल तर बाहेरची सगळी झावळं करपली तरी माड जगेल. सुई हलकेच ओढल्यावर हातात आली आणि बुडाशी कुजल्याचा वास आला, तर बाहेरची पानं कितीही हिरवी दिसोत, रोप गेलं. गेंड्या भुंग्याने कोंब पोखरला तरी हाच शेवट होतो. एकाच परड्यात आंब्याचं कलम आणि माडाचं रोप शेजारी शेजारी असतात आणि आपण दोघांना एकाच नजरेने बघतो, ही नेहमीची चूक.

याउलट चाफा. थंडीत तो पानं टाकून देतो आणि बोटांसारख्या जाड फांद्या घेऊन महिनोन् महिने उभा राहतो. त्याच्याबद्दल कोणी घाबरत नाही. कारण सुई टोचली तर पांढरा चीक येतो हे लहान पोरांनाही माहीत असतं. पांगारा, सावर, साग यांची पानं गळतात तेव्हाही कोणी कुऱ्हाड घेऊन धावत नाही. सुरण, हळद, कळलावी तर जमिनीवरून पार नाहीशा होतात आणि पहिल्या पावसाबरोबर परत येतात. या सगळ्यांवर आपला भरवसा असतो, कारण आपण त्यांना पूर्वी परत येताना पाहिलेलं असतं. नव्या कलमाचा मागचा इतिहास आपल्याजवळ नसतो, आणि त्यात ते विकत आणलेलं असतं. म्हणून धीर सुटतो.

आता जोडाकडे येतो. कलम म्हणजे दोन झाडं. खाली बाठ्यातून उगवलेलं रायवळ आंब्याचं रोप, म्हणजे खुंट, वर हापूसची काडी. जुन्या काळी भेट कलम करत. कुंडीतलं रोप हापूसच्या झाडाशी नेऊन, दोघांच्या साली तासून एकमेकांना बांधायचे, आणि काही आठवड्यांनी काडीला आईपासून थोडी थोडी करत तोडायचे. त्यात एक फसवणूक होती. आईशी नाळ जोडलेली असेपर्यंत काडी टवटवीतच दिसणार. जोड धरला की नाही हे तोडल्यावरच कळायचं. नंतर कोय कलम आलं. पावसाळ्यात दोन आठवड्यांच्या कोवळ्या रोपाचा शेंडा कापून त्यात हापूसची काडी पाचरीसारखी बसवायची, वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. काजूचं मृदकाष्ठ कलमही साधारण याच चालीचं.

इथेही फुटला म्हणजे जगला असं नाही. कलमकाडीत स्वतःची थोडी शिदोरी असते. त्या शिदोरीवर ती दोन-चार कोवळी तांबूस पानं काढते, आणि खालून रस येत नाही असं झालं की पंधरा दिवसांत मान टाकते. पहिली पालवी जून होऊन गडद हिरवी झाली आणि तिच्यावर दुसरी पालवी आली, तेव्हाच जोड पक्का समजायचा. रोपवाटिकेतून कलम घेताना लोक उंची बघतात. मी तरी उंचीपेक्षा पालव्या मोजाव्यात असंच सांगेन.

जोडावरची पट्टी हा आणखी एक विषय. लावण करताना ती काढायची राहून गेली तर खोड जाड होतं, पट्टी ताणत नाही, आणि गळ्याशी काच बसतो. असं कलम पहिलं वर्ष बरं दिसतं. दुसऱ्या उन्हाळ्यात पानं पिवळी पडतात, शेंडा वाळतो. माणूस पाणी वाढवतो, खत घालतो. जोडाशी बोट फिरवून पाहिलं तर आवळलेली खाच हाताला लागते. वेळेत पट्टी कापली तर अशी कलमं सावरतात, म्हणून कुठल्याही आजारी कलमाला मेलेलं ठरवण्याआधी तिथे बोट फिरवावंच. कोय कलमाचा जोड जमिनीपासून फार उंचावर नसतो. पावसात माती वाहून येते, आच्छादनाचा पाला साचतो, आणि जोड गाडला जातो. मग वर काय मेलं आणि खाली काय जगलं हे दिसतच नाही.

यातूनच तो अर्धामुर्धा निकाल येतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर मेलेल्या काडीच्या बुडाशी कोवळे, लालसर फुटवे दिसतात. घरात आनंद होतो: झाड जगलं! पण फुटवा जोडाच्या खालून आला असेल तर जगला तो रायवळ. वरचा हापूस गेला. हे वेळेवर ओळखलं नाही तर माणूस त्याला पाणी घालतो, कुंपण घालतो, सात-आठ वर्षं वाट पाहतो, आणि शेवटी झाड लागतं ते कुठल्या चवीचं ते देवालाच ठाऊक. आंब्याची जाणकार माणसं पान चुरगळून वासावरूनही जात सांगतात. काजूत पानावरून ओळखणं फार कठीण. तिथे फुटवा नेमका कुठून निघाला एवढंच पाहायचं. माती बाजूला सारून, वाकून, डोळ्यांनी. जोड जिवंत असेल तर खालचे फुटवे लगेच खुडून टाकायचे, कारण जमिनीजवळचा तो अंगचा फुटवा रस आधी ओढतो आणि वरची काडी उपाशी मरते. बागेत मेलेली म्हणून मोजलेली किती कलमं प्रत्यक्षात अशी उपासमारीने गेली असतील, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो, कारण हा मृत्यू दोन बोटांच्या चिमटीत टळण्यासारखा असतो.

खुंटच उरला तरी तो फुकट जाऊ देऊ नये. मुळं कातळाच्या भेगेत उतरलेली आहेत, एक उन्हाळा काढलेला आहे. त्या मुळाची किंमत पिशवीतल्या नव्या कलमाच्या मुळापेक्षा जास्त. त्यातला एक जोमदार, सरळ फुटवा ठेवायचा, बाकीचे काढायचे, आणि पावसाळी हवेत त्यावर जागेवरच पुन्हा हापूसची काडी बांधायची. जागेवर कलम बांधण्याची ही पद्धत आंब्याला आणि काजूला दोघांनाही चालते, आणि सोटमूळ न दुखावल्यामुळे असं झाड पुढे वाऱ्याला भक्कम राहतं. हायड्रेंजियाला हे भाग्य नाही. त्याच्या बुडातून आलेला फुटवा त्याचाच असतो हा त्याचा फायदा, पण एक हंगाम गेला तो गेला.

साल फसवते, पालवी फसवते, तेव्हा शेवटचा साक्षीदार मूळ. आळ्याच्या कडेने, खोडापासून हातभर दूर, खुरप्याने हलकेच माती उकरावी. बारीक मुळांची टोकं पांढरी किंवा फिकट, ओढल्यावर न तुटणारी असतील तर जीव आहे. तपकिरी, ठिसूळ, आणि ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आत दोरा उरत असेल तर नाही. काजूच्या बाबतीत हे फार जपून, कारण त्याला मुळांशी केलेली छेडछाड सोसत नाही. मी पहिल्या बागेत मेच्या अखेरीस सात कलमं मेली म्हणून उपटली. त्यातल्या दोघांच्या मुळांना पांढरी टोकं होती. ती परत मातीत खुपसली, पण एकदा उपटलेलं उन्हाळ्यात धरत नाही. वाडीत काम करणारे एक जुने गडी तेव्हा शेजारी उभे होते. ते उपटण्याच्या आधी एवढंच म्हणाले होते, “जीव आसा अजून, रवांदे.” मी ऐकलं नाही. तेव्हापासून मिरगाच्या आधी मी एकही काडी उपटत नाही.

हे मिरगाचं गणित सगळ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. मृग नक्षत्र 7-8 जूनला लागतं. पावसाने माती खोलवर भिजली की दोन ते चार आठवड्यांत जिवंत कलम डोळा फुगवून उत्तर देतं. म्हणजे पक्का निकाल जून संपता संपता. पण मेलेल्यांच्या जागी नवी कलमं लावायची, म्हणजे नांग्या भरायच्या, त्याचाही काळ जून-जुलैच. वाट पाहावी तर हंगाम निसटतो, घाई करावी तर जिवंत काडी उपटली जाते. आंबा 10 बाय 10 मीटरवर लावला तर हेक्टरी 100 कलमं. काजू 7 बाय 7 वर लावला तर साधारण 200. शंभरातली पंधरा रिकामी राहिली तर पुढची पन्नास वर्षं ती पोकळी डोळ्यांना दिसत राहते. म्हणूनच लोक घाई करतात, आणि ती घाई मला कळते. यावर एकच चांगला उपाय मी पाहिला आहे: लावतानाच शेकडा दहा-पंधरा कलमं जास्त घ्यायची आणि ती मोठ्या पिशवीत घराजवळ, विहिरीच्या कडेला, झापांच्या सावलीत वाढवायची. ती सड्यावरच्यांच्याच वयाची राहतात. त्यांच्या जोरावर माणूस जुलैच्या मध्यापर्यंत निवांत थांबू शकतो.

निकाल देण्याआधी मारेकरीही ओळखला पाहिजे, कारण तहानेने गेलेलं, वाळवीने गेलेलं आणि वाऱ्याने करपलेलं कलम लांबून सारखंच दिसतं. खोडावर वाळवीचा मातीचा लेप दिसला की लोक ते मेलंच असं धरतात. लेप हाताने झाडून टाकावा आणि खाली पाहावं. कित्येकदा साल वरवर खाल्लेली असते आणि आत ओल असते. बुडाशी भुसा पडलेला दिसला तर ते काम खोडकिड्यांचं, आंब्यात भिरुडाचं, काजूत रोठ्याचं. लहान रोपांपेक्षा हे मोठ्या झाडांचे शत्रू. काजूचे फक्त कोवळे शेंडेच काळे पडून वाळत असतील तर ढेकण्या या किडीचा संशय घ्यावा. तिथे झाड जिवंतच असतं. वणवा गवतातून झरकन गेला असेल तर खोडाची एक बाजू भाजते, दुसरी वाचते. अशा वेळी चारी बाजूंनी एकेक ठिपका खरवडून पाहावा आणि एक बाजू जरी हिरवी निघाली तरी थांबावं. भातकापणीनंतर मोकाट सोडलेली गुरं शेंडा खातात, ते कलम मेलेलं नसतं, नुसतं खुडलेलं असतं.

मालवणच्या किनाऱ्यालगतच्या बागांना खाऱ्या वाऱ्याचा जाच वेगळा. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा मिठाचे कण घेऊन येतो. पानांच्या कडा करपतात, आणि तेही झाडाच्या पश्चिम अंगाला जास्त. ही एकांगी खूण लक्षात ठेवावी. तहानेने गेलेलं झाड सगळीकडून सारखं वाळतं. मिठाने करपलेलं समुद्राच्या बाजूने. वादळात हे कित्येक पटीने होतं. 16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं. त्याआधी 11 नोव्हेंबर 2009 ला फयान आलं होतं. दोन्हींनी पानं ओरबाडली, कलमं जोडाशी हलवली. पण वादळाचा महिना महत्त्वाचा असतो. मेमध्ये हललेल्या मुळांना तीन आठवड्यांत पाऊस भेटतो. नोव्हेंबरमध्ये हललेल्यांपुढे सात कोरडे महिने असतात. म्हणून मेच्या वादळात उघडं पडलेलं कलम सरळ करून, खुंटी देऊन, माती दाबून ठेवावं आणि त्याला पूर्ण पावसाळा द्यावा. नोव्हेंबरमध्ये मात्र लगेच सावली आणि पाणी देता येत नसेल तर फार आशा ठेवू नये. पंचनामा दोन्ही वेळा काही दिवसांतच होतो, आणि झाडाचं उत्तर यायला काही महिने लागतात. नुकसानीची मोजणी लवकर व्हायलाच हवी, घरं चालली पाहिजेत. पण नव्या बागांची दुसरी मोजणी पावसाळ्यानंतर व्हावी असं मला मनापासून वाटतं, कारण काही मेलेली उठतात आणि काही उभी राहिलेली खाली बसतात.

खाली बसणाऱ्यांविषयी लोक फारसं बोलत नाहीत. उन्हाळ्यातून वाचलेलं कलम पावसात मरतं. कातळ फोडून केलेल्या खड्ड्याला खाली निचरा नसेल तर जुलैच्या झडीत तो हौद होतो. मुळांना हवा मिळत नाही, ती काळी पडतात, आणि पाण्यात उभं राहूनही कलमाची पानं कोमेजतात. पाणी भरपूर आहे म्हणून या कोमेजण्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. याचंच छोटं रूप उन्हाळ्यात दिसतं. पानं गळालेल्या काडीवर जीव तुटतो, म्हणून माणूस रोज कळशी ओततो. पानंच नसतील तर ती काडी पाणी पिणार किती? आळ्यात चिखल राहतो आणि जिवंत मूळ कुजतं. अशा काडीला सावली जास्त लागते, पाणी कमी. नैर्ऋत्येच्या बाजूने चुडतांचा आडोसा, बुडाशी गवताचं किंवा पाल्याचं जाड आच्छादन, खोडापासून चार बोटं दूर ठेवलेलं, आणि बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी. बुडाशी सच्छिद्र मडकं पुरून त्यात पाणी भरणारे लोक आहेत. पाझर मुळांना जेवढा हवा तेवढाच मिळतो, आणि आळ्यात चिखल होत नाही.

जुलैचा मध्य उलटला, डोळा फुगला नाही, जोडाच्या वर आणि खाली दोन्हीकडे नखाला कोरडंच लागलं, मुळांची टोकं तपकिरी निघाली, तर मग ते कलम काढावं. काढल्यावर खड्डा तसाच वापरू नये. जुनी मुळं वेचून घ्यावीत, वाळवीची घरं बघावीत, खाली पाणी साचतंय का हे एका पावसात उभं राहून पाहावं, आणि मगच घराजवळ सांभाळलेलं कलम पिशवी फाडून तिथे बसवावं, जोड जमिनीच्या वर ठेवून, पट्टी काढून. हे सगळं ऑगस्ट सरण्याच्या आत व्हायला हवं. सप्टेंबरमध्ये लावलेल्या कलमाला मूळ खोल उतरवायला वेळ मिळत नाही, आणि महिन्याभरात ऑक्टोबरचं ऊन येतं. उशीर झालाच तर खड्डा मातीने भरून त्यात ताग पेरावा, आणि पिशवीतलं कलम आणखी एक वर्ष विहिरीपाशी राहू द्यावं.